थाळीची खालची बाजू

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात त्यांना मुलं कवळीकाका म्हणतात. मोठेही म्हणतात, पण पाठीमागे. ते दातांचे कारागीर. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा घेऊन पाठवत आणि हे त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून देत. एकोणतीस वर्षं घराच्या मागच्या खोलीत हेच चाललं होतं. त्या खोलीत प्लास्टरचे जबडे फळ्यांवर ओळीनं मांडलेले असत. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. काकू म्हणायच्या, "माझ्या घरात चाळीस तोंडं आहेत, आणि एक सोडलं तर कुणी उलटून बोलत नाही."

कवळीकाकांचं एक पालुपद होतं: बोटाला विचारा. कवळी घासूनपुसून झाली की ते डोळे मिटायचे आणि हिरडीवर बसणाऱ्या तिच्या आतल्या बाजूवरून उजव्या हाताची तर्जनी सावकाश फिरवायचे. कुठं कण राहिला असेल, कड वर आली असेल, तर बोट तिथं थांबायचं. "डोळा फसतो वहिनी," ते मला म्हणायचे, "बोट नाही फसत." डॉक्टर त्यांच्याकडून आलेली कवळी पुन्हा न तपासता पेशंटच्या तोंडात बसवत. ही गोष्ट ते वर्षातून दोनतीनदा तरी सांगत, आणि दरवेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात.

त्यांची आणि आमची ओळख माझ्या मुलामुळे वाढली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतर तो आठ महिने खोलीतून बाहेर आला नाही. म्हणजे नळावर यायचा, जेवणाचं ताट उचलायचा, पण बाहेर आला असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी दाराबाहेर ताट ठेवायचे आणि थोड्या वेळानं जाऊन बघायचे की किती खाल्लं. त्या आठ महिन्यांतलं मला बाकी काही आठवत नाही. ताटात किती उरलं होतं, ते मात्र आठवतं.

कवळीकाका एक दिवस आमच्याकडे ह्यांची कॅप द्यायला आले. जाताना मुलाच्या खोलीच्या दारापाशी उभे राहिले आणि आत न बघताच म्हणाले, "अरे, माझी टाकी गळतेय. एकट्याला उचलत नाही. जरा हात लावतोस का?" मुलगा उठला. चप्पल घातली. खाली गेला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, तिथून काहीच दिसत नसताना.

ती टाकी खाऱ्या पाण्याची होती. आत मासे तीनचार, बाकी सगळी कोरल. कोरल म्हणजे समुद्राच्या तळाशी वाढणारे जीव, दिसतात दगडासारखे नाहीतर झाडासारखे, आणि असतात प्राणी. मुलगा रोज खाली जायला लागला. चार महिन्यांनी आमच्या हॉलमध्ये त्याची स्वतःची टाकी आली. तिच्यात पहिलं जे कोरल लागलं तो कवळीकाकांनी दिलेला अंगठ्याच्या नखाएवढा जांभळा तुकडा होता. तो आडवा वाढत गेला, गोल, कडा जरा वर उचललेल्या. तीन वर्षांत आमच्या जेवणाच्या ताटाएवढा झाला. आम्ही त्याला थाळी म्हणू लागलो.

ह्या छंदातल्या लोकांचे दोन नियम असतात. पहिला, आपल्या कोरलचा तुकडा दुसऱ्या कुणाला तरी देऊन ठेवायचा. देऊन ठेवलं तेवढंच आपलं, असं ते म्हणतात. आपल्याकडचं मेलं तर तिथून परत आणता येतं. एकदा तीस तास वीज गेली आणि कवळीकाकांच्या टाकीतलं सगळं मेलं, तेव्हा मुलानं थाळीची कड तोडून त्यांना नेऊन दिली. दुसरा नियम आंघोळीचा. बाहेरून आलेला कुठलाही तुकडा आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवल्याशिवाय टाकीत सोडायचा नाही, कारण त्याच्याबरोबर किडे येतात. "पाहुणा कितीही लाडका असो," कवळीकाका म्हणायचे, "आधी आंघोळ." त्यांच्या सख्ख्या मित्रानं आणलेला तुकडाही त्यांनी माझ्यासमोर बुडवलेला आहे. मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी मुलगा नोकरीसाठी लांब गेला. टाकी माझ्याकडे राहिली. मी पाणी बदलायला शिकले, मीठ मोजायला शिकले. तो दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, बाबांचा गुडघा कसा आहे, आणि मग, "थाळी कशी आहे?" मी उत्तराआधी त्याचा आवाज ऐकते. तो कसा आहे हे मला त्या एका प्रश्नातून कळतं, किंवा मला तसं वाटतं. थाळीला काही झालं तर तो पुन्हा खोलीत जाऊन बसेल, असं मी कधी कुणाजवळ बोलले नाही.

गेल्या वर्षी कवळीकाकांनी आपली टाकी मोडायची ठरवली. बादल्या उचलवत नाहीत, म्हणाले. मासे कुणाकुणाला दिले. थाळीचा तुकडा आता तळहाताएवढा झाला होता, तो स्टीलच्या वाडग्यात घालून ते स्वतः वर घेऊन आले.

"आंघोळ?" मी विचारलं.

"बाटली संपली हो आयोडीनची." मग हसले. "आणि माहेरी आलेल्या मुलीला कुणी दारात उभं करतं का, वहिनी? तरी बोटाला विचारलंय. खालून अगदी गुळगुळीत आहे."

त्यांनीच हात घालून तो तुकडा मोठ्या थाळीशेजारी ठेवला. मलाही ते बरोबर वाटलं. आपलंच होतं ना ते.

सहाएक आठवड्यांनी थाळीची एक कड पांढरी दिसायला लागली. कुणी नखं कुरतडावीत तशी. मी दिव्याची वेळ कमी केली. पाणी तपासलं, ते ठीक होतं. पांढरा डाग बोटभर आत सरकला. रविवारी मुलानं फोटो मागितला तेव्हा मी महिन्यापूर्वीचा पाठवला. पुढच्या रविवारीही तोच पाठवला, जरा कापून.

मग मी कवळीकाकांना बोलावलं. शनिवार होता. त्यांनी थाळी बाहेर काढली, टबात उलटी केली, भिंगाचा चष्मा लावला आणि कडेकडेनं फिरवून बघितली. मग मला चष्मा दिला. खालच्या बाजूला कापसाच्या तंतूसारखं काहीतरी पांढरं हलत होतं. भिंगातून नीट दिसलं: मुंगीएवढे जीव, पाठीवर झालरी असलेले.

"बिनशंखाची गोगलगाय आहे ही," ते म्हणाले. "ह्या जातीचं कोरल सोडून दुसरं काही खात नाही. दिवसा खाली लपते, अंडीही खालीच घालते. हे बाहेरून आलंय. नवीन काही घेतलंत का?"

"नाही."

"मग शेवटचं आत काय गेलं?"

त्यांनी टाकीकडे बघितलं. मग बाही वर करून आपला तुकडा काढला आणि उलटा केला. त्याच्याखाली अंडी होती. काही रिकामी, जुनी, काही भरलेली. जुनी म्हणजे त्यांच्या टाकीत असतानाची.

त्यांनी चष्म्यातून बघत एका पुंजक्यावर तर्जनी ठेवली. फिरवली. पुन्हा फिरवली. बोट टॉवेलला कोरडं करून आले आणि परत ठेवलं. मग मधलं बोट. मग डावा हात.

"वहिनी, जरा तुमचं बोट द्या."

त्यांनी माझा हात मनगटाला धरून तुकड्याखाली नेला. बाकी सगळं गुळगुळीत होतं आणि मध्येच खसखस चिकटल्यासारखं लागलं.

"लागतंय?"

"लागतंय."

"किती ठिकाणी?"

मी मोजलं. "तीन."

त्यांनी भिंगातून मोजलं. तीनच होती. ते म्हणाले, "बरं." मग स्टुलावर बसले आणि बरोबर आणलेल्या आयोडीनच्या बाटलीचं झाकण उघडू लागले. ते त्यांना उघडेना, मी उघडलं.

आयोडीनच्या आंघोळीनं मोठे किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती दातांच्या कामाच्या टोकदार हुकानं एकेक खरवडून काढावी लागतात, आणि एखादं राहिलं तर आठवड्यात फुटतं. म्हणून दर शनिवारी आंघोळ, दर शनिवारी तपासणी. ओळीनं सात शनिवार एकही अंडं सापडलं नाही तर सुटलो. तोवर थाळी आणि तुकडा वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचे. मोठ्या टाकीत जे किडे उरले असतील ते उपाशी मरतात. कवळीकाकांनी हे सगळं मला कामगाराला काम सांगावं तसं सांगितलं. त्यांनी हुक धरायचा, मी बोटानं शोधायचं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मागितली असती तर मला काय बोलावं ते सुचलं नसतं.

दुसऱ्या शनिवारी मी विचारलं, "कधीपासून, भावजी?"

"माहीत नाही." खरवडता खरवडता ते बोलत होते. कवळीची गुलाबी पूड ज्या द्रवात कालवतात तो द्रव एकोणतीस वर्षं उघड्या हातानं हाताळला, त्यानं असेल. कालच डॉक्टरकडे जाऊन आले, बोटांच्या शिरा गेल्यात म्हणाला, परत येणाऱ्या नाहीत म्हणाला. "शर्टाची बटणं लागत नव्हती चारसहा महिने. मी काकूला म्हटलं, तुझ्या शिंप्यानं काजं लहान केली." त्यांनी हुक कापडाला पुसला. "ती म्हणाली, तुम्हीच जाडे झालात. आम्ही त्यावर भांडलो पण."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. गेल्या दोन महिन्यांत तीन कवळ्या परत आल्या होत्या, टोचतात म्हणून. त्यांनी दातांच्या डॉक्टरांना सुनावलं होतं की साचा नीट घेत चला. त्यातली एक कवळी एका म्हातारीची होती. तिच्या हिरडीला जखम होऊन रक्त यायचं, पण ती नऊ दिवस कुणाला बोलली नाही. तिला वाटलं नवीन दात असेच लागत असतील.

"नऊ दिवस," कवळीकाका म्हणाले. त्यांनी हुक धुतला आणि थाळी पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुलाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "आई, फोटोतली ती काचेवरची शंखवाली गोगलगाय तीन आठवडे एकाच जागी बसलीय. मेली का?"

मी म्हटलं, "फोटो जुना आहे." आणि मग सगळं सांगितलं. सांगताना मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा एक डाग पुसत होते, पुसून झाल्यावरही.

"काकांना काही बोललीस का?"

"नाही."

"मीही नसती घातली आंघोळ," तो म्हणाला. "आपलीच होती ना." पुढं म्हणाला, "फोटो खरा पाठवत जा. पांढरा असला तरी." त्याचा आवाज मला नेहमीसारखा वाटला. नंतर मी तो मनात पुन्हा पुन्हा आठवून बघितला आणि मला काही ठरवता आलं नाही.

चौथ्या शनिवारी कवळीकाका हुकांबरोबर एक प्लास्टिकची डबीही घेऊन आले. थाळीचं काम झाल्यावर ती उघडली. ओल्या कापसात गुंडाळलेली कवळी होती.

"आतून फिरवा बोट."

मी फिरवलं. उजवीकडे मागच्या बाजूला एक बारीक टोक होतं. मी दाखवलं, त्यांनी पेन्सिलीनं खूण केली, डबी बंद केली. पाचव्या शनिवारी तीन डब्या आणल्या. काकू वर आल्या होत्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बघा. उभ्या जन्मात माझा हात धरून चालले नाहीत, आणि आता दुसरीच्या बोटावर संसार चाललाय." त्या हसल्या, मीही हसले. कवळीकाका डबीचं झाकण लावत राहिले.

त्या दिवशी थाळीखालून सुरुवातीला सगळं स्वच्छ लागत होतं. आधीचे दोन शनिवार काही सापडलं नव्हतं, हा तिसरा ठरला असता. मधोमध थाळी मेलेली होती, सांगाडा नुसता, पण दोन कडा जांभळ्या होत्या. मी बोट शेवटच्या कडेपर्यंत नेलं. तिथं अगदी टोकाला, घडीत, एक कण लागला.

मी बोट तिथंच ठेवलं. सांगितलं तर मोजणी पहिल्यापासून. अजून सात शनिवार, तो वास, हिवाळ्यात ते गार पाणी, रविवारचे ते पांढरे फोटो. एकच तर होता. रिकामाही असेल. मला काही वाटत नव्हतं, राग नाही, वाईट नाही, फक्त हात काढून घेऊन आडवं व्हावंसं वाटत होतं. कवळीकाका चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्या तोंडून जे येईल तेच खरं मानायचं होतं. त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

"एक आहे," मी म्हटलं.

"कुठं?"

मी दाखवलं. त्यांनी भिंगातून बघितलं. भरलेलं होतं.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. त्यांनी ते खरवडून काढलं, कापडाला पुसलं आणि कापडाची घडी घातली. मग टेबलावरच्या तीन डब्यांकडे बघत बसले. "मी नसतं सांगितलं."

"कशाबद्दल?"

"ह्यांच्याबद्दल." त्यांनी डबीवर टिचकी मारली. "तुमचं बोट मिळालं म्हटल्यावर मी ठरवूनच टाकलं होतं, की आता कुणाला सांगायला नको. इथून पुढच्या नीट जातील. मागच्या गेल्या त्या गेल्या."

ते उठून आमच्या स्वयंपाकघरात गेले, कारण हॉलमध्ये टाकीच्या पंपाचा आवाज असतो. तिथून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. दार उघडंच होतं.

"डॉक्टर, गेल्या चार महिन्यांत माझ्याकडून आलेल्या सगळ्या कवळ्या परत मागवून घ्या. सगळ्या. नाही, साचे बरोबर होते तुमचे. मी उगाच बोललो तुम्हाला. माझं बोट गेलंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही हो, कापलं नाही. आहे हाताला. पण त्याला काही कळत नाही." मग बराच वेळ ते ऐकत होते. "हो. हो. त्या आजींना आधी बोलवा."

बाहेर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. डब्या उचलल्या आणि खाली गेले. एक हुक विसरले होते, तो मी धुऊन ठेवला.

एकोणीस कवळ्या होत्या, त्यातल्या चौदा परत आल्या. आम्ही त्या दोन शनिवारांत तपासल्या. सहांमध्ये मला काही ना काही लागलं. मी सांगायचे, ते खूण करायचे. आजींच्या कवळीला डॉक्टरांनी आधीच घासून घेतलं होतं, तरी कवळीकाकांनी ती माझ्याकडून तीनदा तपासून घेतली. शेवटची डबी बंद केल्यावर त्यांनी कवळ्यांचं काम सोडलं. मी म्हटलं होतं, माझं बोट आहे की. ते म्हणाले, "तुमचं बोट तुमच्या घरचं आहे, वहिनी. कारागिराला स्वतःचं लागतं." आता ते दुसऱ्या एका कारागिरासाठी साच्यात प्लास्टर ओततात. ते काम हातमोजे घालून होतं आणि त्यात बोटाला काही विचारावं लागत नाही. काकू म्हणतात की घरातली तोंडं आता ओतली की दुसऱ्या दिवशी जातात, ओळख व्हायला वेळच मिळत नाही.

सात शनिवार पुन्हा मोजले. ह्या वेळी काही सापडलं नाही. थाळीचा मधला मेलेला भाग आणि कवळीकाकांनी आणलेला तुकडा आम्ही टाकून दिला. दोन कडा कापून घेतल्या, बिस्किटाएवढ्या. त्या मोठ्या टाकीत सोडल्या तेव्हा ती इतके महिने थाळीशिवाय होती की मला ते जांभळे ठिपके तिथं परके वाटले. मी फोटो पाठवला. मुलानं लिहिलं, "एक काकांना दे." मी लिहिलं, त्यांच्याकडे टाकी नाही. त्यानं लिहिलं, "मग तो त्यांचा आहे असं सांग."

मी सांगितलं, डावीकडचा तुमचा. कवळीकाका "बरं" म्हणाले.

आता शनिवारी काम काही नसतं, तरी ते येतात. चहा घेतात. बटणाचा शर्ट सोडून त्यांनी टीशर्ट वापरायला सुरुवात केली आहे, त्यात ते जरा दुसरेच कुणी दिसतात. चहा संपला की टाकीकडे बघून विचारतात, "डावीकडचा. खालून?"

मी बाही वर करते, हात घालते, डाव्या तुकड्याच्या खालून बोट फिरवते. कडेपर्यंत नेते, घडीपर्यंत.

"गुळगुळीत आहे."

ते मान हलवतात. मग खिशातून भिंगाचा चष्मा काढतात, तो दोन्ही हातांनी सावकाश डोळ्यांवर बसवतात आणि म्हणतात, "जरा वर काढा. बघू."